स्पीड गोल्फ: पळणारा जिंकणार की गोल्फ येणारा? (बेळगाव)

डेपोवरचा_पळपुट्या

मंडळी, नमस्कार. टिळकवाडीत राहतो, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळतो. दहा किलोमीटर पन्नास मिनिटांच्या आसपास होतात. गोल्फ मात्र कधी खेळलेलो नाही. आमच्या घरात गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्येच लागणारी हिरवळ.

माझा एक वर्गमित्र कॅम्पात (लष्करी भागात) राहतो. बरीच वर्षं गोल्फ खेळतोय, पोट सुटलंय, जिना चढला की धाप लागते. परवा त्याच्या तोंडून स्पीड गोल्फ हा प्रकार कळला. खेळ नेहमीचाच, फक्त एका फटक्यापासून दुसऱ्यापर्यंत पळत जायचं. शेवटी एकूण फटके आणि लागलेली मिनिटं यांची बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. ८० फटके आणि ५० मिनिटं ३० सेकंद लागले तर गुण १३०:३०.

ऐकल्याबरोबर मी म्हटलं, मग तुला मी हरवतो. तो हसला. पैज लागली, हरणाऱ्यानं दोन किलो कुंदा द्यायचा. हातात दोन महिने आहेत. खेळायचं कसं, सुरुवात कुठून करायची, आणि मुळात मी जिंकू शकतो का? जाणकारांनी सांगा.

कुंदाप्रेमी

निकाल काय लागायचा तो लागू दे. वाटप कुठं आणि किती वाजता, तेवढं आधी कळवा.

अनगोळकर

गोल्फच मुळात श्रीमंतांचं चालणं, त्यात आता पळायचं. बेळगावात पळायला जागा उरली नाही आणि गोल्फ कुठं खेळणार ओ? काँग्रेस रोडवर?

कॅम्पकर_काका

पळपुट्या, तुझा मित्र हसला ते उगीच नाही. पण आधी खेळ समजून घे.

साध्या गोल्फमध्ये १४ क्लब (म्हणजे मारायच्या काठ्या) न्यायची मुभा असते. स्पीड गोल्फवाले चार ते सात नेतात, कारण पिशवी पाठीवर घेऊनच पळायचं असतं. एक लांब फटक्याचा (हायब्रिड चालेल, सगळ्यात लांब मारणाऱ्या ड्रायव्हरचा मोह नको), एक ६ किंवा ७ नंबरचं आयर्न (लोखंडी पात्याचा, मधल्या अंतराचा क्लब), एक ९ नंबर, एक वेज (जवळचा उंच फटका मारायला) आणि पटर (भोकाजवळ बॉल घरंगळवायला). नवख्याला तीन पुरे.

सरावाचा स्विंग नाही. बॉलपाशी पोचून मग "कुठला क्लब घेऊ" म्हणून डोकं खाजवायचं नाही. पळता पळताच अंतर बघायचं, वारा बघायचा, क्लब ठरवायचा. पोचलास की एक श्वास सोड आणि मार. भोकातला झेंडा काढायची गरज नाही, तो आत असतानाच पट (जमिनीवरून घरंगळवायचा हलका फटका) मारायचा. २०१९ पासून साध्या गोल्फमध्येही ते चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हरवलेला बॉल. साध्या नियमात तीन मिनिटं शोधता येतो. सापडला नाही तर एक दंडाचा फटका आणि वर जिथून मारला तिथं परत जायचं. स्पीड गोल्फमध्ये उलटं पळत जायला लावत नाहीत. बॉल ज्या रेषेत गेला त्या रेषेवर दुसरा टाकायचा, एक फटका दंड धरायचा आणि पुढं. म्हणून गवतात बॉल दिसला नाही तर शोधत बसायचं नाही. मिनिटभर शोधलास तर तोच एक फटका वेळेच्या खात्यातून गेला. खिशात दोन-तीन बॉल जास्तीचे ठेव.

सीमेवरचा_सुभाष

काका, आणि हद्दीबाहेर गेलेला बॉल? आमचा एक १९५६ साली गेलाय, अजून परत आलेला नाही.

कॅम्पकर_काका

😄 त्यालाही तोच नियम. दंड सोसायचा आणि आहे तिथून पुढं खेळायचं.

सीमेवरचा_सुभाष

ते "आहे तिथून पुढं" जरा जपून बोला काका, एक नोव्हेंबर जवळ आलाय.

संपादक_मंडळ

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तो बाराव्या पानापर्यंत पोचलाय. इथं गोल्फ.

निपाणीचा_हिशेबनीस

पळपुट्यांच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, म्हणून आकडे मांडतो. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही आपले घाला.

नवखा माणूस १८ होलमध्ये (एक होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचा टप्पा) १३० फटके मारेल (हे मी दयाळूपणे धरलंय). कितीही घाई केली तरी थांबणं, उभं राहणं, मारणं, क्लब पिशवीत टाकणं यात प्रत्येक फटक्याला १५ सेकंद जातात. म्हणजे साडेबत्तीस मिनिटं नुसती मारण्यात. बॉल सरळ जाणार नाही, त्यामुळं ७ किलोमीटरच्या जागी ८ पळावे लागतील. मैदानावर, पिशवीसकट, सहा मिनिटांना एक किलोमीटर धरला तर ४८ मिनिटं. एकूण साडेऐंशी. गुण २१०:३०.

आता मित्र. ९० फटके, त्याची साडेबावीस मिनिटं. अंतर ७ किलोमीटर, अर्धं पळत अर्धं चालत, नऊ मिनिटांना एक. ६३ मिनिटं. एकूण साडेपंच्याऐंशी. गुण १७५:३०.

तुम्ही पाच मिनिटं लवकर पोचलात आणि पस्तीस गुणांनी हरलात.

सगळ्यांची चूक होते ती इथं. नियमात एक फटका म्हणजे एक मिनिट. पण तो फटका मारायलाही वेळ जातोच, तेव्हा खरा भाव सव्वा मिनिट. तुम्ही जीव काढून किलोमीटरमागं एक मिनिट कमी केलंत तर सगळ्या खेळात आठ मिनिटं वाचतील, म्हणजे सहा-सात फटके. तेवढे फटके नुसतं पटिंग सुधारून वाचतात, घाम न येता.

डेपोवरचा_पळपुट्या

हिशेबनीस, जेवण जाईना झालं. म्हणजे पळण्याचा काही उपयोगच नाही?

निपाणीचा_हिशेबनीस

आहे की. तुमच्या याच पळण्यावर फटके १०२ पर्यंत आणा, बरोबरी होते. आणि मित्र जर अजिबात पळालाच नाही, बारा मिनिटांना एक किलोमीटर नुसता चालला, तर तुम्हाला ११८ पुरतात. म्हणून पैजेच्या आधी महिनाभर त्याला रोज जेवायला बोलवा.

कुंदाप्रेमी

म्हणजे कुंदा आधीपासूनच वाटायला सुरुवात करा. मी पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मॅरेथॉनवाली_मंजू

हिशेबनीस दादांशी पूर्ण सहमत नाही. तुम्ही दोघांनाही दर फटक्याला १५ सेकंद सारखेच दिलेत. दम लागलेल्या माणसाचे १५ सेकंद आणि न लागलेल्याचे १५ सेकंद यात फरक असतो. पोट सुटलेला माणूस तीनशे मीटर पळून ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) आला की हात थरथरतात, छाती उडत असते, आणि त्या स्थितीत त्याला एक मीटरचा पट मारायचाय. भोक केवढं, १०८ मिलिमीटर. त्याचे ९० फटके चालत खेळतानाचे आहेत, पळताना १०० च्या वर जातील. सराव असलेल्या पळणाऱ्याची नाडी लवकर खाली येते, त्याचा खेळ तेवढा बिघडत नाही.

पळपुट्या, एक युक्ती सांगते. बॉलच्या अलीकडं पंधरा-वीस मीटरवर वेग कमी करायचा आणि शेवटची काही पावलं चालायची, लांब श्वास सोडत. चार-पाच सेकंद जातात, फटका वाचतो. व्हॅक्सिन डेपोवर एका लयीत गोल गोल पळून हे येणार नाही. दोनशे मीटर पळ, वीस सेकंद थांब, परत पळ, असा सराव कर.

निपाणीचा_हिशेबनीस

मंजूताई, मुद्दा मान्य. मित्राचे ९० चे १०० झाले तर त्याचे गुण १८७ च्या पुढं जातात. म्हणजे पळपुट्यांना ११० च्या थोडं वर मारूनही चालेल. आशा आहे.

राजहंसगडचा_वारा

जगात काय दिसतं ते बघा. अमेरिकेचा एक मैल शर्यतीचा नामांकित धावपटू स्टीव्ह स्कॉट, त्यानं चाळीसेक वर्षांपूर्वी एकच क्लब घेऊन १८ होल अर्ध्या तासाच्या आत उरकले. या खेळाची सुरुवात तिथून धरतात. पण बेरजेतला गाजलेला विक्रम धावपटूचा नाही, गोल्फ शिकवणाऱ्या क्रिस्टोफर स्मिथचा. २००५ साली शिकागोच्या जॅक्सन पार्कवर ६५ फटके, ४४ मिनिटं ६ सेकंद. गुण १०९:०६. आपल्यातले निम्मे लोक १८ होलमध्ये नुसते फटकेच तेवढे मारतील, वेळ वेगळा.

अनगोळकर

बेळगावातला खरा स्पीड गोल्फ चॅम्पियन विसरलात काय? २०२२ चा ऑगस्ट. गोल्फ मैदानावरचा बिबट्या! वन खातं मागं, पोलीस मागं, शाळा बंद, शिमोग्याच्या सक्रेबैलहून हत्ती आणले. सगळ्यांना पळवलं आणि स्वतः सापडला नाही. फटके शून्य.

खानापूरची_मास्तरीण

😂😂 आमच्या नात्यातली मुलं त्या भागातल्या शाळेत. बिबट्या सापडू नये म्हणून देवाला नवस बोलली होती.

सीमेवरचा_सुभाष

वेळेची नोंद नाही म्हणून विक्रम ग्राह्य धरता येत नाही.

जुना_कॅडी

वाचायलोय कवापासून, आता लिहितो. मी हिंडलग्याकडचा. पोरवयात कॅडी होतो, साहेबांच्या पिशव्या उचलायचो. साहेब लोक यायच्या आधी आम्ही पोरं उजाडायला आत असायचो. कुणीतरी टाकून दिलेलं एक आयर्न, ५ नंबरचं, त्याची पकड गेलेली, सुतळी गुंडाळलेली. त्या एकावर चौघं खेळायचो. एकानं मारायचं, क्लब पुढच्याला द्यायचा आणि बॉलमागं पळायचं. साहेबाची गाडी दिसायच्या आत जेवढं होईल तेवढं. विटीदांडूत दांडू हातात आल्यावर कोण विचार करत बसतो? तसंच. त्याला स्पीड गोल्फ म्हणतात हे आज कळालं.

तर माझं म्हणणं असं, पाच-सहा क्लब घेऊच नका ओ. नवख्या माणसाला एकच द्या, ७ नंबरचं आयर्न. उभं राहून मारा, चिप करा (जवळून हलकं उचलून मारा), ग्रीनवर त्याच्याच पात्याच्या कडेनं पट मारा. निवडायला काही नसलं की डोकं मोकळं राहतं. आणि अर्धा स्विंग. पूर्ण ताकदीनं मारलेला बॉल झाडात जातो, अर्ध्या स्विंगचा शंभर मीटर का होईना, नाकासमोर जातो. सरळ गेलेला बॉल म्हणजे पळणं पण कमी.

आणि एक. ग्रीनवर आल्यावर पिशवी (असली तर) पुढच्या टीच्या, म्हणजे पुढचं होल सुरू करायच्या जागेच्या, बाजूला टाकायची. माणसं अलीकडं टाकतात, पट झाला की मागं येतात, पिशवी उचलून परत ग्रीन ओलांडतात. अठरा वेळा. साहेबांचं बघून बघून आम्हाला राग यायचा, कारण पिशवी आमच्याच खांद्यावर.

कॅम्पकर_काका

वा! धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. फक्त एका आयर्ननं पट मारण्याबद्दल मतभेद आहे. पटर हलका असतो, न्यावा. नवख्याचे निम्मे फटके ग्रीनवर जातात.

जुना_कॅडी

काका, तुमच्या ग्रीनवर पटर. माळावर आयर्न.

खानापूरची_मास्तरीण

माळावरून आठवलं. मी शाळेत खेळ शिकवते. हा प्रकार मुलांना द्यायला छान वाटतोय, पण गोल्फ मैदान कुठून आणू? भात कापल्यावर शिवार मोकळं होतं, तिथं डबे पुरून तीन-चार होल केले तर? क्लबच्या जागी हॉकी स्टिक, बॉल प्लास्टिकचा.

येळ्ळूरचा_शेतकरी

मॅडम, भात कापलं म्हणजे शिवार मोकळं झालं असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्याकडं पाठोपाठ मसूर नाहीतर वाटाणा पडतो, ओल आहे तोवर. पेरलेल्या रानातून पोरं पळवलीत तर आमचा म्हातारा काठी घेऊन मागं लागेल, मग तुमची पोरं विक्रम करतील. शिवाय भाताचे खुंट बुटात घुसतात. गायरान बघा, पंचायतीत विचारा.

खानापूरची_मास्तरीण

दादा, बरोबर. मी मूळची गावातलीच, पण आमच्याकडं जंगलपट्टा, पाठोपाठचं पीक डोक्यात आलं नाही. गायरानाचंच बघते.

डॉ_सांधेजोड

वैद्यकीय पिंक टाकतो. गोल्फच्या स्विंगमध्ये कंबर पिळली जाते. पळून तापलेल्या, दमलेल्या शरीरानं झटक्यात पीळ दिला की कंबर धरते, बरगडीजवळचा स्नायू ओढला जातो. पळणाऱ्यांना वाटतं आपण फिट आहोत, पण त्यांचे पाय फिट असतात, पाठ नसते. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करा, खांदे-कंबर फिरवा, हलके स्विंग मारा. खेळताना सरावाचा स्विंग नाही, म्हणून आधीचा जास्त गरजेचा.

बूट पळायचेच, पण तळाला खाच असलेले. आपली तांबडी माती ओली झाली की साबण. जून ते सप्टेंबर मी तरी हा नाद करायला सांगणार नाही. आणि एप्रिल-मेच्या वळवात गडगडायला लागलं तर हातात लोखंड घेऊन उघड्या माळावर थांबू नका. गुण गेले तरी चालतील.

पळपुट्यांच्या मित्रासाठी वेगळं: चाळिशी उलटलेली, जिन्यावर धाप लागते म्हणताय, तर पैजेच्या आधी त्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी. ही थट्टा नाही.

डेपोवरचा_पळपुट्या

डॉक्टर, त्याला सांगितलं. तपासणी करून आला, सगळं ठीक निघालं, आणि आता रोज संध्याकाळी किल्ला तलावाला फेऱ्या मारतोय. धन्यवाद म्हणू की काय म्हणू.

निपाणीचा_हिशेबनीस

जेवायला बोलवा म्हटलं होतं, डॉक्टरकडं पाठवा म्हटलं नव्हतं.

पुण्यातला_बेळगावकर

कंपनीच्या कृपेनं येरवड्याच्या मैदानावर कधीमधी जातो. एक वास्तव सांगतो. १८ होलचा साधा डाव चौघांत चार तासांच्या वर चालतो. तुम्ही दीड तासात पळत सुटलात तर दुसऱ्याच होलवर पुढच्या चौकडीच्या पाठीत बॉल माराल. म्हणून हा खेळ अगदी पहाटे, मैदानावर कोणी नसताना, नाहीतर मैदान राखून घेऊनच होतो. स्पर्धेतही एकेकाला ठरावीक अंतरानं सोडतात आणि जोरात पळणाऱ्याला आधी, म्हणजे कोणी कोणाला गाठत नाही. पुढं माणूस दिसला तर थांबायचं, घड्याळ काय म्हणतंय ते बघायचं नाही. बॉल कोणाच्या दिशेनं गेला तर "फोर!" म्हणून बोंब मारायची.

बेळगावच्या मैदानावर बाहेरच्यांना कसं सोडतात ते गेटवर विचारा. पळत आत शिरू नका, कॅम्प आहे.

अनगोळकर

"फोर" ओरडलं तर आमच्याकडं लोक टाळ्या वाजवतील, चौकार गेला म्हणून.

डेपोवरचा_पळपुट्या

अपडेट. खानापूर रोडला ओळखीच्यांचा पडीक माळ आहे, परवानगी काढून तिथं मित्रानं तीन होल आखले. अडीचशे मीटरच्या आसपास एकेक. भोकाच्या जागी कुंड्या पुरल्या, त्यामुळं भोक नियमापेक्षा चांगलंच मोठं, तरी हे हाल.

मी: २७ फटके, १३ मिनिटं. गुण ४०.
तो: १७ फटके, १५ मिनिटं. गुण ३२.

जुना कॅडी दादांचं ऐकून शेवटच्या होलला एकच आयर्न आणि अर्धा स्विंग केला, तिथं ७ फटके लागले. पहिल्या दोन होलला ड्रायव्हर होता, दहा-दहा. तो मी परत केलाय. मंजूताईंचं पण खरं निघालं, मित्र तिसऱ्या कुंडीपाशी पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं आणि अर्ध्या मीटरवरून दोनदा चुकला.

मॅरेथॉनवाली_मंजू

बघ! तीन होलमध्ये ही अवस्था, तर अठरा होलला तो आठव्यापाशी बसेल. पैज पूर्ण १८ चीच ठेव, तीन-चार होलवर अजिबात मान्य करू नको.

निपाणीचा_हिशेबनीस

उलट सल्ला. तिसऱ्या होलचे ७ धरले तर १८ होलला १२६ होतात. तुम्हाला ११० च्या आसपास यायचंय, म्हणजे होलला सहा. दोन महिन्यांत जमण्यासारखं आहे, पण पळण्याचा सराव आठवड्यात दोनच दिवस ठेवा. बाकीचे दिवस तीस मीटरच्या आतले फटके, आयर्ननं चिप आणि पट. लांब फटका सुधारायला वर्षं जातात, जवळचा महिन्यात सुधारतो.

जुना_कॅडी

हिशेबनीस साहेबांचं बरोबर. घराच्या अंगणात बादली ठेवा, दहा पावलांवरून बॉल बादलीत. शंभर झाले की चहा. आणि पळताना क्लब मधोमध धरायचा, पातं पुढं. टोकाला धरून पळालात की पायात येतो.

पुण्यातला_बेळगावकर

अवांतर: खानापूरच्या मॅडम, आमच्या कंपनीतले दोघं-तिघं जुनी आयर्न काढून टाकायलेत. मुलांसाठी हवी असतील तर दिवाळीला गावी येताना घेऊन येतो. पकड बदलावी लागेल, लांबी कापून घ्यावी लागेल.

खानापूरची_मास्तरीण

हवीच आहेत! कापायचं काम इथं वेल्डिंगवाल्याकडून करून घेईन. दोन मुली डावखुऱ्या आहेत, त्यांच्यासाठी काही मिळेल का?

पुण्यातला_बेळगावकर

डावखुरा एकच आहे आमच्यात, आणि तो क्लब सोडायला तयार नाही. विचारून बघतो. व्यनि करा.